डाव्या हातानं उघडणारी बॅग

आत्याच्या बॅगेत एकतीस वस्तू होत्या. मी त्या खानावळीच्या फरशीवर मांडल्या आणि दोनदा मोजल्या. पितळी तांब्या एक, लोखंडी पळी एक. दोन बॅटऱ्या, सेलची दोन पाकिटं. लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या. चपलांचे दोन जोड, एक बायकी आणि एक नऊ नंबरचा पुरुषी. नायलॉनची दोरी. चादर. साडी, परकर, झंपर. घडी घातलेला ताडपत्रीचा तुकडा. दोन मेणबत्त्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या दोन काडेपेट्या, बिस्किटांचे तीन पुडे, गुळाचा डबा, हळदीची पुडी, बँडेजची गुंडाळी, सुरी, छोटा रेडिओ, कागदपत्रांची फाइल, आई-वडिलांचा फोटो आणि किल्ल्यांचा जुडगा. पीठ मोजायच्या काट्यावर हे सगळं बॅगेसकट नऊ किलो शंभर ग्रॅम भरलं.

आत्या दारात बसून भेंड्या चिरत होती. निम्म्या जून निघाल्या होत्या. त्या ती बाजूला टाकत होती.

"झालं का माय मोजून?" ती म्हणाली. "एकादी कमी भरली तर मलाच इचारशील."

"नऊ किलो शंभर. डॉक्टरांनी दोन सांगितलेत."

"डाक्टरला काय जातंय सांगायला? त्यो किल्लारीला होता का?"

आत्या होती. १९९३चा भूकंप झाला तेव्हा ती सतरा वर्षांची होती. किल्लारीच्या दगड-मातीच्या घरात ती आणि आजी-आजोबा झोपले होते. आजी-आजोबा गेले. बाबा अंगणात झोपले होते म्हणून त्यांना काही झालं नाही. आत्याला दुपारी ढिगाऱ्यातून काढलं. त्यानंतर ती बॅगेशिवाय उंबऱ्याबाहेर गेलेली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला जातानाही बॅग पाठीवर, आणि बॅगेत आधीच दोन काडेपेट्या.

हल्लीची बॅग तिला फुकट मिळाली होती. आत्याची खानावळ लातूरच्या ट्यूशन एरियात आहे. इथले क्लासेस प्रवेश घेतला की पोरांना बॅग देतात. एक मुलगी महिनाभरातच घरी पळून गेली आणि तिची बॅग इथंच राहिली. काळी, भली मोठी, आणि पाठीवर पिवळ्या अक्षरांत 'मी डॉक्टर होणारच!'. पांढऱ्या साडीतली बेचाळीस वर्षांची बाई ही बॅग घेऊन निघाली की नाक्यावरचे रिक्षावाले हाका मारायचे, "डाक्टरीणबाई, कोणत्या दवाखान्याला सोडू?" आत्या मान न वळवता म्हणायची, "तुज्या डोक्याच्या."

पावसाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. हाच हात तेव्हा तुळईखाली अडकला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलं. आत्यानं ते नीट ऐकून घेतलं. बॅग घेता येत नाही आणि बॅगेशिवाय जाता येत नाही, म्हणून तिनं बाहेर जाणंच बंद केलं. रागावून नव्हे, रडून नव्हे. दसऱ्यापासून ती ओट्याच्या खाली उतरली नव्हती. बुद्धविहारात नाही, बाजारात नाही, समोरच्या बाळंतिणीला बघायलाही नाही.

खानावळ मात्र घरात बसून चालत नाही. भाजी केरबा रिक्षावाला आणून टाकायचा. केरबा भला माणूस आहे, पण कोवळी भेंडी आणि जून भेंडी यातला फरक त्याला दिसत नाही. भाजी बिघडली तशा जेवायला येणाऱ्या मुली कमी झाल्या. चौदा होत्या, नऊ राहिल्या.

मी नांदेडची. बी.एस्सी. भौतिकशास्त्र झाल्यावर लातूरच्या एका क्लासमध्ये मुलांच्या शंका सोडवायला लागले, तेव्हापासून आत्याकडे राहते. माझे बाबा, नरसिंग, नांदेडला पाटबंधारे खात्यात आहेत. भूकंपग्रस्त म्हणून नोकरी मिळाली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. मुली कमी झाल्याचं मी फोनवर बोलून गेले, तेव्हा बाबांनी लगेच ठरवून टाकलं.

"पारूला सांग, जानेवारी सरला की टेम्पो घेऊन येतो. भांडीकुंडी भरायची आन् नांदेडला. दोन खोल्या रिकाम्याच हायत. तिला कशापायी बाहेर पडायचं काम हाय?"

फोन स्पीकरवर होता. आत्यानं विळी आडवी केली आणि उठून आत गेली. संध्याकाळी मुली जेवून गेल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मला टेंपूत घालून न्हेणार व्हय? मी काय कपाट हाय? तू लई शिकलीस न्हवं? मग माजी बॅग हलकी करून दाव."

म्हणून ही मोजणी.

मी वस्तूंचे तीन ढीग करायचे ठरवले: लागणाऱ्या, कधीकधी लागणाऱ्या, न लागणाऱ्या. आत्यानं भेंड्यांचं ताट बाजूला सारलं आणि माझ्यासमोर मांडी घातली. पहिल्या अर्ध्या तासात तिसऱ्या ढिगात एकच वस्तू गेली, ती म्हणजे एक मेणबत्ती. तीही दुसरी मेणबत्ती होती म्हणून.

"रेडिओ कशाला? मोबाइल आहे."

"तवा टावर होते का?"

"तेव्हा मोबाइलच नव्हते, आत्या."

"मग? रेडिओ व्हता."

जेवायला लवकर आलेली मृण्मयी दारात उभी राहून हसत होती. मृण्मयी उमरीची, आई-वडील दोघंही शिक्षक, आणि नऊ मुलींमधली सगळ्यात बडबडी. ती आत येऊन फरशीवरच बसली. मी तांब्या उचलून काट्यावर ठेवला. सहाशे दहा ग्रॅम.

"हा जाऊ दे," मी म्हणाले. "याच्याऐवजी शिट्टी घेऊ. आठ ग्रॅमची मिळते. आवाज दुप्पट लांब जातो. गिर्यारोहक हेच वापरतात."

आत्यानं तांब्या माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला.

"शिट्टी कशानं वाजीवतेत?"

"तोंडानं."

"माज्या तोंडात माती व्हती. नाकात बी. थुकाया लागले तर वरून आनिक पडायची. म्हून गप ऱ्हायले." ती हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. "निजताना उशाला पान्याचा तांब्या ठिवायची पद्धत व्हती आमच्यात. अजून बी हाय. डावा हात मोकळा व्हता. चाचपला तर तांब्या लागला. पानी सांडलं व्हतं. मग धोंड्यावर ठोकत ऱ्हायले. दादानं त्ये ऐकलं."

मृण्मयीनं हसणं थांबवलं होतं. आत्यानंच तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "तोंड मिट गं, माशी जाईल. मेले न्हाई मी."

शिट्टी मी यादीतून काढून टाकली.

पण मला एक गोष्ट कळली असं मला वाटलं: वस्तूंवर वाद घालून उपयोग नाही, आधी बॅग ठरवावी. बॅग लहान असली की वस्तू आपोआप कमी होतील. मी गरजेच्या वस्तूंची लांबी, रुंदी, उंची मोजली, बेरीज केली, वर वीस टक्के मोकळी जागा धरली आणि दहा लिटरची बॅग पुरेल असं उत्तर काढलं. मोबाइलवर तशा बॅगा शोधल्या. पाठीला चपटी बसणारी, करड्या रंगाची, कुठंही अक्षर नसलेली एक सापडली. तिची चेन पाठीकडच्या बाजूला होती, म्हणजे गर्दीत चोराला उघडता येणार नाही. वजन तीनशे ग्रॅम. मला ती इतकी योग्य वाटली की मी आत्याला न विचारता मागवली.

चार दिवसांनी ती आली. आत्यानं पाठीवर घेतली, पट्टे ओढले, आरशात पाहिलं.

"चांगली हाय की. पाटावानी चपटी." मग ती एकदम खाली बसली, आणि तिथंच फरशीवर उजव्या कुशीवर आडवी झाली. उजवा हात अंगाखाली. डोळे मिटलेले.

"आत्या, काय झालं?"

"कायी न्हाई. थांब."

तिचा डावा हात मागं गेला आणि बॅगेवरून फिरू लागला. वर, खाली, कडेनं. चेन तिच्या पाठीला चिकटून होती. बोटं तिथवर पोचलीच नाहीत. तिनं पुन्हा एकदा प्रयत्न केला, खांदा दुखला असावा, कारण तिनं श्वास आत ओढला. मग उठून बसली आणि बॅग माझ्याकडं दिली.

"हिच्यात चोराला जाता येत न्हाई, त्ये बराबर. पर मला बी जाता येत न्हाई."

बॅग मी परत पाठवली. माझ्या हिशोबात लांबी, रुंदी आणि उंची होती. माणूस आडवा पडलेला असेल हे त्यात कुठंच नव्हतं. मी पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी आत्यालाच विचारलं, बॅग कशी हवी?

तिला उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नव्हतं एवढंच. उजव्या कुशीवर पडल्यावर डाव्या हाताला चेन आली पाहिजे. चेनला बोट अडकेल असं कडं पाहिजे. तांब्या कडेला पाहिजे, तळाला नको. आणि, ती थोडी थांबून म्हणाली, "कुनाला दिसू ने. लोकं इचारतेत, आत काय हाय. मग सांगत बसावं लागतंय. मला सांगायचा कटाळा येतो."

तांब्याचा प्रश्न उरलाच. दहा लिटरच्या बॅगेत तांब्या घातला की कड फुगायची आणि वजनातला मोठा वाटा तोच खायचा. मी आत्याला म्हणाले की तांब्याच हवा की तांब्याचा आवाज हवा, हे तपासून बघू.

"कसं?"

"तू दिवाणात झोप. आम्ही वरून गाद्या टाकतो."

रविवारी दुपारी आम्ही ते केलं. खानावळीतला दिवाण पेटीसारखा आहे, आत अंथरुणं ठेवतात. अंथरुणं काढली. ऐन वेळी मी घाबरले आणि मीच आत जाते म्हणाले. पण आत्या म्हणाली, "ठोकायचं मला म्हाईत हाय, तुला न्हाई," आणि साडी खोचून आत उतरली. झाकण एका बाजूनं वीट लावून उघडं ठेवलं, हवा जायला. फटीवरून मी सारखी विचारत होते, बरी आहेस ना. "बरी हाय की, लई बोलू नगं, श्वास तूच खाऊन बसशील," आतून आवाज यायचा. वर चार गाद्या आणि ज्वारीचं एक पोतं. मृण्मयी गल्लीत गेली. विजेच्या एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडं लांब जात राहायचं आणि आवाज बंद झाला की थांबायचं, असं तिला सांगितलं होतं.

आधी तांब्या, पळीनं. मृण्मयी चौथ्या खांबापर्यंत गेली. मग स्टीलचा पेला, चमच्यानं. दुसरा खांब. मग प्लास्टिकचा डबा, त्याला मृण्मयी फाटकातच थांबली. शेवटी फुलपात्र, जाड बुडाचं, आत्याचंच, पाणी प्यायचं. आत्यानं ते चमच्यानं न वाजवता उपडं धरून दिवाणाच्या लाकडावर ठोकलं. मला हे सुचलं नव्हतं. मृण्मयी तिसऱ्या खांबापलीकडं गेली आणि चौथ्याच्या अलीकडं थांबून तिथूनच ओरडली, "येतोय! अजून येतोय!"

समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. "काय गं, कोन येऊलालंय?"

"आवाज, आजी!"

"कुनाचा?"

"आत्यांचा. त्या दिवाणात आहेत."

म्हातारीनं मृण्मयीकडं बघितलं, आमच्या दाराकडं बघितलं आणि आत जाऊन कडी लावली.

आम्ही आत्याला बाहेर काढलं. केसांना ज्वारीचा भुसा लागला होता, आणि ती हसत होती. फुलपात्र मी काट्यावर ठेवलं. पंच्याऐंशी ग्रॅम.

"तांब्या उशाला ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "त्येची जागा तीच हाय. बाहेर ह्ये न्हेते."

आता बॅग बघायला दुकानात जावं लागणार होतं, आणि मोबाइलवर आडवं पडता येत नाही हे मला कळलं होतं. पण दुकान म्हणजे ओट्याच्या खाली उतरणं. आत्या दोन दिवस काही ना काही काम काढत राहिली. तिसऱ्या दिवशी मी जुनी बॅग भरली, एकतीसच्या एकतीस वस्तू, आणि माझ्या पाठीवर घेतली.

"चल. बॅग माझ्याकडे आहे. तू नुसती चाल."

तिनं उंबऱ्यात उभं राहून माझ्या पाठीवरची बॅग दोनदा दाबून पाहिली. मग चपला घातल्या. नाक्यावर रिक्षावाल्यांनी मला पाहिलं. "आज धाकटी डाक्टरीण!" आत्या म्हणाली, "हाव, आन् तू तिचा पयला पेशंट." नऊ किलोंनी माझे खांदे मागं ओढले जात होते, आणि चौकात पोचेपर्यंत माझी मान अवघडली. आत्यानं हे पंचवीस वर्षं केलं होतं. ती माझ्या डाव्या हाताला चिकटून चालत होती, म्हणजे खरं तर बॅगेला.

वीरण्णांचं दुकान क्लासेसच्या रस्त्यावर आहे. वीरण्णा मूळचे उदगीरकडचे. आधी शेतकऱ्यांना पोती आणि ताडपत्र्या विकायचे, क्लास वाढले तसे बॅगा विकायला लागले. दुकानात दोन मुलं आणि त्यांचे वडील होते. मी सांगितलं, लहान हवी, साधी, नाव नसलेली.

"नाव नसलेली?" वीरण्णा म्हणाले. "या रोडला बिननावाची बॅग मागणाऱ्या तुमीच पयल्या. समदे म्हणतेत नाव मोठं टाका, लांबून वाचलं पायजे. अव्वा, कुनासाठी? लेकरू कितवीला हाय?"

"लेकरू न्हाई. मलाच," आत्या म्हणाली.

त्यांनी पाच-सहा काढल्या. आत्यानं एकेक पाठीवर घेऊन पाहिली. मग चौथी घेतल्यावर तिनं दुकानाच्या मधोमध फरशीकडं पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि आडवी झाली.

"अय्यो!" वीरण्णा गल्ल्यामागून धावत आले. "पानी आना रे! चक्कर आली अव्वाला!"

"चक्कर न्हाई," आत्या खालून म्हणाली. "बॅग बगूलाले."

"बॅग? अशी?"

"मग कशी बगतेत?"

मुलांच्या वडिलांनी मुलांना मागं ओढलं. आत्याचा डावा हात चेनवर गेला, पण चेनला बोट अडकवायला कडंच नव्हतं. ती उठली, बॅग बदलली, पुन्हा आडवी झाली. वीरण्णा डोक्याला हात लावून बघत होते. मी खाली वाकून हळूच सांगितलं, आत्या किल्लारीची आहे. एवढंच सांगितलं. त्यांचा हात डोक्यावरून खाली आला. त्यांनी आतल्या खोलीतून एक सतरंजी आणली आणि फरशीवर अंथरली.

"गार हाय फरशी," ते म्हणाले. "हिच्यावर बगा."

सहावी बॅग निळसर करडी होती, मुलींच्या डब्याएवढी चपटी, आणि तिची चेन वरून सुरू होऊन डाव्या कडेनं तळापर्यंत येत होती. कडेला बाटलीसाठी जाळीचा खिसा. चेनला दोरीचा फास. आत्या सतरंजीवर उजव्या कुशीवर पडली, डोळे मिटले, डावा हात मागं नेला. बोट फासात गेलं. चेन उघडली. तिनं आत हात घालून काहीतरी चाचपलं. बॅग रिकामी होती, तरी तिनं मूठ मिटून हात बाहेर काढला आणि फरशीवर दोनदा ठोकला.

"हीच," ती म्हणाली.

घरी येऊन आम्ही वस्तू भरायला बसलो. आता वाद कमी झाले. कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतल्या, मूळ फाइल घरात राहिली. फोटोची लहान प्रत काढली. दोन बॅटऱ्यांऐवजी एक छोटी. लिटरच्या बाटल्यांऐवजी अर्ध्या लिटरची. चादर, साडी, ताडपत्री, दोरी, रेडिओ ती स्वतःच बाजूला ठेवत गेली. "बाजारातून घर लांब न्हाई," असं प्रत्येक वेळी म्हणायची, मला नव्हे, वस्तूला. बायकी चपलाही काढल्या, पायात असतातच म्हणून.

नऊ नंबरच्या चपलांपाशी ती थांबली.

"ह्या ऱ्हाऊ दे."

"जागा नाही, आत्या. कुणाच्या आहेत या?"

"दादाच्या."

बाबा नऊ नंबर वापरतात हे मला माहीत होतं, पण या चपला त्यांच्या कधीच नव्हत्या. त्या नव्याच होत्या. जुन्या झाल्या की आत्या बदलायची. बाबा त्या सकाळी अनवाणी ढिगाऱ्यावर चढले होते. पत्रे, खिळे, काचा. त्यांच्या डाव्या तळव्यावर अजून आडवी खूण आहे. लहानपणी मला ती रस्त्यासारखी वाटायची. आत्याला बाहेर काढलं तेव्हा तिला आधी त्यांचे पाय दिसले होते.

चपला घातल्या तर चेन लागत नव्हती. काढल्या तर आत्या बॅगेला हात लावत नव्हती. ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग. टेंपूच येऊ दे."

मी बाबांना फोन लावला आणि काय चाललंय ते जसंच्या तसं सांगितलं. दिवाण, फुलपात्र, वीरण्णांची सतरंजी, आणि आता चपला.

"पारूला दे."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"पारे," बाबा म्हणाले, "चपला काड बॅगंतून."

"दादा, तू गप."

"ऐक तरी. मी नांदेडला हाय. तुला कायी झालं तर मला लातूरला यावं लागंल. एवड्या लांब मी अनवानी येईन का? बूट घालूनच निघंन की. खात्यानं दिलेत, लई मजबूत हायत."

आत्यानं चपलांवरून हात फिरवला.

"आन् बाजारातून फुलपात्र वाजीवलं तर मला ऐकू येनार न्हाई, त्ये सांगून ठिवतो. फोन कर."

"फोन लागला न्हाई तर?"

"तर मी ऐकन. मागं ऐकलं न्हवं?"

आत्यानं नाक ओढलं. मग चपला उचलून दाराशी, आमच्या चपलांच्या रांगेत ठेवल्या.

"टेंपूचं काय?" तिनं फोनकडं बघून विचारलं.

"ह्या महिन्यात टेंपू महाग हाय," बाबा म्हणाले. "बगू."

भरलेली बॅग मी काट्यावर ठेवली. फुलपात्र, चमचा, बॅटरी, पाण्याची बाटली, कागदपत्रं, बँडेज, बिस्किटाचा एक पुडा, किल्ल्या, फोटो. नऊ वस्तू. बॅगेसकट एक किलो दोनशे साठ ग्रॅम.

बुधवारी दुपारी आत्यानं बॅग पाठीवर घेतली. मी चपला घालायला लागले तर म्हणाली, "तू कुठं? तुजी पोरं शंका घेऊन बसली असतील की." केरबाची रिक्षा दारात उभी होती. ठरलं होतं ते असं: भाजी आत्यानं निवडायची, उचलायची केरबानं. केरबानं आत्याकडं पाहिलं, तिच्या पाठीकडं पाहिलं.

"आत्या, बॅग इसरलाव तुमी."

"पाठीला हाय न्हवं, आंधळ्या."

"हिला बॅग म्हनतेत व्हय? मला वाटलं झंपराची शिलाई हाय."

रिक्षा गंजगोलाईच्या बाजाराच्या रस्त्याला लागली. मी क्लासला गेले आणि घर्षणावरच्या शंका सोडवल्या. एका मुलानं मला एकच गणित दोनदा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा मीच चुकले. सुटल्याबरोबर घरी आले. रिक्षा आली नव्हती. मृण्मयी ओट्यावर बसून होती, पुस्तक उघडं आणि नजर गल्लीच्या तोंडाकडं.

"ताई, फोन करू का?"

"नको."

"तुम्हीच करा मग."

"नको."

रिक्षाचा आवाज आधी आला. केरबानं मेथीच्या जुड्या, वांगी, आणि ज्यांचं टोक मोडलं की कट आवाज येतो अशा भेंड्या आत आणून ठेवल्या. त्याचं तोंड उतरलं होतं. "प्रत्येक भेंडी मोडून बगितली हो यांनी. त्यो भाजीवाला रडायला आलता."

आत्या मागून उतरली. साडीच्या काठाला बाजारातली धूळ होती. दम लागला होता, पण ती दम घ्यायला थांबली नाही.

"उद्या ईहारात जायचंय," ती मृण्मयीला म्हणाली, "येतीस का? दोगी जाऊ. न्हाई आलीस तरी मी जानार हाय."

तिनं बॅग पाठीवरून काढली. कडेच्या जाळीतली पाण्याची बाटली अजून भरलेलीच होती. वरची चेन अर्धी उघडी होती आणि फटीतून कागदाच्या पुडीचं टोक आणि दोन पिवळी बोरं दिसत होती. नऊ किलोंच्या बॅगेत बाहेरून काही आणायला जागा कधीच नव्हती.

"थांब, काट्यावर ठेव," मी म्हणाले.

"ठिवते की. तेवड्यासाठीच बोरं काडली न्हाईत."

तिनं बॅग काट्यावर ठेवली आणि हात काढून घेतला. आकडे दोनदा हलले आणि स्थिर झाले.

एक किलो पाचशे दहा ग्रॅम.